लिस्बनहून आल्यावर

ती. आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

आधी सांगायचं ते सांगते, मग हवं तेवढं रागवा. तुमची एप्रिलची तिकिटं काढली, पोर्तुगालमधल्या लिस्बनची. पैसेही भरून झाले, तेव्हा बाबा, "कशाला एवढा खर्च" आता नको. गणपतीला आम्ही आलो नाही, नैवेद्याचं पान आईने एकटीने वाढलेलं फोटोत बघितलं, तेव्हाच ठरवलं होतं. सुट्टी खरंच पाच दिवसांचीच होती. त्यातले दोन-तीन प्रवासातच गेले असते, आणि निघताना आई पुन्हा दारात रडली असती. म्हणून लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही दोघं लिस्बनला गेलो. पण तुमच्याशिवाय गेल्याचं टोचत होतं. मग सगळं शहर बाबांचे गुडघे डोळ्यांपुढे ठेवूनच फिरले.

शहर टेकड्यांवर वसलंय. अल्फामा या जुन्या भागात पायऱ्याच पायऱ्या, आणि फुटपाथचे पांढरे दगड झिजून इतके गुळगुळीत झालेत की माझाच पाय सरकला. तिथे तुम्हाला चालवणार नाही. २८ नंबरची पिवळी ट्राम त्याच गल्ल्यांतून जाते. सकाळी लवकर, पहिल्याच थांब्यावर चढायचं, म्हणजे खिडकीपाशी बसायला मिळेल.

शहराचा बेलें हा भाग मात्र नदीकाठी, सपाट. तिथल्या जेरोनिमोस मठाचं बांधकाम १५०१ साली सुरू झालं. चर्चमध्ये शिरलं की दारापासून जवळच वास्को द गामाची कबर. बाबा, मला तुमचा वर्ग आठवला. तो भारतात पोचला ते साल, १४९८, फळ्यावर लिहून तुम्ही सगळ्यांना विचारायचात, आणि मी घरची म्हणून मला शेवटी. हा माणूस १५२४ मध्ये आपल्या कोचीत वारला आणि अस्थी नंतर इकडे आणल्या, हे मी तुमच्या जावयांना अगदी तुमच्या सुरात सांगितलं. सांगता सांगता गळा दाटून आला. तुमचं बोट धरून तिथे उभं राहायचंय मला.

मठाजवळच १८३७ पासूनचं दुकान आहे, पास्तेइश द बेलेंचं. तळहाताएवढी खुसखुशीत वाटी, आत अंड्याच्या बलकाचं गोड सारण, गरम असतानाच वर दालचिनी भुरभुरवायची. आई, अंडं तुला चालत नाही, आणि बाबांना साखरेमुळे अर्धंच मिळेल. तुझ्यासाठी जेवणाचीही चौकशी केली. काल्दु व्हेर्द म्हणून बटाट्याचं आणि हिरव्या पाल्याचं सूप मिळतं, पण त्यात सॉसेजचा तुकडा घालतात, म्हणून मी बाहेर ते मागवणार नाही, भाड्याच्या घरात स्वतः करीन. तिकडे बटाट्याला 'बताता'च म्हणतात, आणि आपला पाव त्यांच्याच 'पांव'वरून आला. तुला परकं वाटणार नाही गं. वरणभाताचा कुकर मी बरोबर घेणारच आहे.

आता ऐका. बाबांनी रोज सकाळी गुडघ्यांचे व्यायाम करायचे, "उद्यापासून" चालणार नाही. साखर तपासून रिपोर्टचा फोटो पाठवा. दोघांना रबरी तळव्यांचे बूट घ्या आणि आत्तापासून घरात घालून सवय करा. आई, चपलांचा हट्ट नको. सांगतेय ते जरा जोरात वाटलं तर सोडून द्या, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही म्हणून बोलते.

पासपोर्ट कपाटात, लाल पिशवीत आहेत. त्यांची मुदत बघून शनिवारी फोनवर मला वाचून दाखवा. आणि आई, येताना मेतकूट आण, थोडं जास्तच.

तुमची,
छकुली