आमचा तराजू तपासता, मग टीव्हीचा का नाही?

प्रति,
माननीय केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री,
नवी दिल्ली

स.न.वि.वि.

कोल्हापुरात शाहूपुरीला आमचा कांदा-लसूण चटणी आणि मसाल्याचा घरचा धंदा आहे. दिवाळीच्या तोंडावर एका मराठी वाहिनीवर आणि एका स्ट्रीमिंग ॲपवर मिळून जाहिरात केली. परवा एजन्सीचा अहवाल आला. टीव्हीवर 12 लाख, ॲपवर 7 लाख, एकूण पोहोच 19 लाख. यातली दोन्हीकडची माणसं किती, असं विचारलं तर तिथला पोरगा म्हणतो, "सर, दोन्ही डेटा वेगळे असतात." मग बेरीज कशाला केलीस बाबा?

आमच्याच घरात बघा. आई रात्रीची मालिका टीव्हीवर बघते. वहिनी भांडी आवरून तोच भाग त्याच टीव्हीवर ॲपवरून लावतात, आई परत शेजारी बसते. आई एक, आकड्यात दोन. विक्री मात्र होती तिथंच आहे.

मापंही निराळी. टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेचा मीटर निवडक घरांत बसतो, वाहिनीच्या आवाजात मिसळलेली खूण ओळखतो, मग मिनिटागणिक सरासरी निघते. ॲपवाल्यांचा आकडा त्यांच्याच सर्व्हरवरचा. अमेरिकेतल्या निकषात तर व्हिडिओची निम्मी चौकट 2 सेकंद दिसली तरी जाहिरात नजरेस पडली असं धरतात. 2 सेकंदांत आमच्या चटणीचं झाकण निघत नाही, साहेब.

आपल्याच खात्यानं जुलै 2025मध्ये सांगितलं की देशात टीव्हीची 23 कोटी घरं आणि मीटर 58,000. इंटरनेटवरच्या टीव्हीचं प्रेक्षकमापन तर नाहीच, हेही तेव्हाच सांगितलं. कोल्हापूर जिल्ह्यात आठेक लाख घरं धरली, सगळ्यांत टीव्ही धरला, तरी वाट्याला दोनशेच मीटर येतात. हिशेब पाठकोऱ्या कागदावरचा आहे, पण तुमच्या आकड्यांवरूनच केलाय. टीव्हीचे प्रेक्षक मोजायच्या नियमांत सुधारणेचा मसुदा निघाला, वाटलं आता सुटलो. पण माझ्या जाहिरातीच्या बिलात 18 टक्के जीएसटी तेवढा नेमका आला.

आमच्या तराजूवर वजनमापे खात्याचा शिक्का लागतो. पाकिटात दहा ग्रॅम कमी भरले तर दंड. 2019च्या महापुरात गोदामात पाणी शिरलं तेव्हा पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी चिखलातली मिरचीची पोती एकेक उलटी करून मोजायला लावली. फुटलेली धरली नाहीत. नुकसान आमचं असलं की सरकारला मोजता येतं! 2020ला टीआरपी, म्हणजे वाहिन्यांचं रेटिंग, फुगवल्याचं प्रकरण पोलिसांत गेलं, बातम्यांच्या वाहिन्यांचं रेटिंग थांबलं ते थेट मार्च 2022ला सुरू झालं. त्या काळात जाहिराती थांबल्या का? कशाच्या भरवशावर पैसे घेतले? 2021ची जनगणना 2021ला झाली नाही, मग टीव्हीपुढची डोकी कोण मोजतंय म्हणा.

मागणी एवढीच: टीव्ही आणि ॲप मिळून माणूस एकदाच मोजा, आणि ॲपवाल्यांच्या नोंदी बाहेरच्या लेखापरीक्षकाला उघडा.

आपलं खातंही केंद्रीय संचार ब्यूरोमार्फत जाहिराती देतं. 2023च्या धोरणानं त्यात ओटीटी, म्हणजे हीच स्ट्रीमिंग ॲप्सही आली. तो पैसा आमच्या करातला. तिथली बेरीज कोण तपासतं, ते लेखी कळवा. उत्तरात "पत्र संबंधित विभागाकडे पाठवले आहे" असं मात्र लिहू नका. संबंधित विभाग आपणच आहात.

आपला,
एक मसालेवाला,
शाहूपुरी, कोल्हापूर