शाळेतल्या सिंगल बारविषयी शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

मी जळगाव जिल्ह्यात ३१ वर्षे शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. निवृत्तीनंतर अलीकडेच एका शाळेत गेलो असता आठवीच्या मुलांना सिंगल बारला नुसते लोंबकळायला सांगितले. दहा आकडे मोजून व्हायच्या आत बहुतेकांचे हात सुटले. त्यांतला एक उंच, सडपातळ मुलगा, ज्याच्या घरी केळीची बाग आहे, चौथ्या आकड्याला खाली आला आणि लाल झालेल्या तळव्यांकडे बघत म्हणाला, “सर, हात भरी उनात,” म्हणजे हात भरून आले. त्याचे वडील त्याच वयात केळीचे घड खांद्यावरून बांधापर्यंत आणत असत, हे मी पाहिलेले आहे.

हा प्रश्न फक्त जत्रेतल्या कुस्त्यांचा असता तर आपला वेळ घेतला नसता. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्युअर’ या अभ्यासात भारतासह १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार प्रौढांच्या हाताची पकड मोजली गेली. पकडीत दर ५ किलोंची घट असेल तर हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त आढळला आणि मृत्यूच्या धोक्याचा अंदाज घेण्यासाठी ही पकड वरच्या रक्तदाबापेक्षाही सरस ठरली. पकड कमी आहे म्हणूनच मृत्यू येतो, असे यातून सिद्ध होत नाही, परंतु शरीराची एकूण स्थिती ती सांगते एवढे नक्की.

रक्तवाहिन्यांचा बिघाड उतारवयात सुरू होतो, हा समज तर कधीच मोडला आहे. कोरियाच्या युद्धात मृत्यू पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९५३ साली आला. सरासरी वय २२ असूनही त्यांतल्या ७७ टक्क्यांच्या हृदयाच्या धमन्यांत रोगाच्या खुणा होत्या. स्नायू काम करतात तेव्हा रक्ताचा वेग वाढतो, धमनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटते आणि धमनी सैलावते. बैठ्या आयुष्यात हे पुरेसे घडत नाही, आणि वर्षानुवर्षे उन्हात पडलेली ठिबकची नळी जशी लवचीकपणा गमावते, तशी धमनीही हळूहळू ताठर होत जाते.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल आणि आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम सुचवते. आमच्याकडे परीक्षा जवळ आली की पी.टी.चा तास सर्वांत आधी गणिताला दिला जातो. मी स्वतः तो अनेकदा निमूटपणे दिला आहे आणि त्याचे मला आज वाईट वाटते. हा तास दुसऱ्या विषयाला देता येणार नाही, असा स्पष्ट आदेश आपण काढावा. खान्देशात उन्हाळ्यात पारा ४४ अंशांच्या पुढे जातो, म्हणून मार्चपासून तो सकाळी पहिलाच असावा. दंड, बैठका, दोरीवर चढणे, मल्लखांब यांना खर्च फारसा लागत नाही, आणि हे सर्व मुलींनाही तितक्याच आग्रहाने शिकवले पाहिजे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा वजन-उंचीबरोबर पकडही मोजली जावी, यासाठी आरोग्य विभागाशी बोलावे. नंदुरबारच्या धडगाव, अक्कलकुवा भागात ही नोंद अधिक गरजेची आहे. सातपुड्यातली मुले डोंगर चढतात म्हणून ती तंदुरुस्तच असणार, असे आपण मानून चालतो, परंतु पोटात पुरेसे अन्न नसेल तर स्नायू वाढणार कशातून? तिथे आधी ताटात डाळ, अंडी वाढली पाहिजेत, मग दंड-बैठका.

प्रौढांनाही आठवड्यातून २ दिवस ताकदीचा व्यायाम सांगितलेला आहे. शाळेची मैदाने सकाळ-संध्याकाळ पालकांसाठी उघडी ठेवली, तर दुकानात आणि कचेरीत दिवसभर बसणाऱ्यांना जागा मिळेल.

ज्या शाळेत मी गेलो होतो, तिथला बार गंजलेला आहे आणि त्याच्याखाली मोटारसायकली लावतात. मुख्याध्यापकांनी होकार दिला तर तो घासून, रंगवून देण्याची आणि दर शनिवारी सकाळी मुलांना शिकवण्याची माझी विनामूल्य तयारी आहे. मोटारसायकली हलवण्याचे मात्र आपल्या विभागाकडून लेखी यावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
ता. चोपडा, जि. जळगाव