शिडाची नाव घेण्यापूर्वी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांच्या उन्हाळी छंदांविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. मोटारीमागे ट्रेलरवरून नेता येणाऱ्या शिडाच्या नावेचा उल्लेख पाहून आनंद झाला; मात्र आत किती जण झोपू शकतात यावरूनच नाव निवडावी, असा त्यातील सूर मला पटला नाही. मिशिगनमध्ये दोन मुलांसह सात उन्हाळे अशी नाव वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की, आधी आपली मोटार पाहावी, मग नाव जिथे चालवायची ते पाणी आणि बिछान्यांची मोजणी सर्वांत शेवटी करावी.

आमची नाव कॅटलिना २२ आहे. १९६९ पासून अनेक दशके तयार झालेली ही नाव जुन्या बाजारात सहज मिळते. रिकाम्या नावेचेच वजन एक टनाच्या आसपास असते आणि ट्रेलर, इंजिन व सामान धरून ते दीड टनापर्यंत जाते, त्यामुळे लहान मोटारीने ती ओढण्याचा विचारही करू नये. ज्यांच्याकडे तशीच मोटार आहे त्यांनी वेस्ट वाइट पॉटर १५ पाहावी. ती जेमतेम सव्वादोनशे किलोंची आहे, परंतु तिच्यात रात्री दोघांनाच नीट झोपता येते.

नावेला तोलून धरणारी तळाखालची जड पाती, म्हणजे कील, वर उचलता येणारी असावी, असा माझा आग्रह आहे. आमची कील खाली सोडली की नावेला पाच फूट पाणी लागते आणि वर घेतली की दोन फूट पुरते, म्हणूनच सेंट क्लेअरसारख्या उथळ सरोवरात आम्हाला किनाऱ्याजवळ नांगर टाकून रात्र काढता येते. मात्र जुनी नाव घेताना ही अडीचशे किलोंची ओतीव लोखंडी पाती जिच्यावर लटकते ती तार आणि ज्या खिळीवर ती फिरते ती खिळी जाणकाराकडून तपासून घ्यावी. आम्ही नाव घेतली तेव्हा ती तार आतून गंजलेली होती आणि वेळीच लक्षात आले नसते, तर मुले नावेत असतानाच ती तुटली असती.

डोलकाठी उभारून शीड बांधायला आम्हाला अजूनही पाऊण तास लागतो, त्यामुळे केवळ दोन तासांच्या फेरफटक्यासाठी ही नाव सोयीची नाही. ती डोलकाठी ॲल्युमिनियमची असल्याने उभारण्यापूर्वी डोक्यावर विजेच्या तारा नाहीत ना, हे दर वेळी पाहिलेच पाहिजे. आपल्या लेखात ही सूचना नव्हती, ती कृपया छापावी.

आपला,
एक वाचक, मिशिगन