अप्पा, बंदुकीची पुस्तकं निघालीत

ती. अप्पांना साष्टांग नमस्कार,

फोनवर तुम्ही म्हणालात ना की तिकडं अमेरिकेत घरोघरी बंदुका, मग ती चालवायची अक्कल कुठल्या पुस्तकात मिळते ते बघ आणि पाठव, तेव्हा आई मागून ओरडत होती की ह्यांना रिटायर होऊन पण चांदमारीच सुचते. मी मात्र मनावर घेतलं. ह्यांच्या ऑफिसातले एक जण पुढच्या महिन्यात पुण्याला येतायत, त्यांच्या बॅगेत देतेय, दादा जाऊन घेऊन येईल. कुठलं पुस्तक कुणासाठी ते इथं लिहिते, नाहीतर तुम्ही सगळी एकदम उघडून बसाल आणि एकही पुरं होणार नाही.

आधी इथलं सांगते म्हणजे पुस्तकं का अशी आहेत ते कळेल. आमच्या ॲरिझोना राज्यात २०१० पासून २१ वर्षांवरच्या माणसाला पिस्तूल शर्टाखाली लपवून फिरायला परमिट लागत नाही, कायद्यानं ज्यांना मनाईच आहे ते सोडून. भाजी घेताना शेजारी एखादे आजोबा कमरेला पिस्तूल लावून टोमॅटो निवडत असतात आणि कुणी वळून पण बघत नाही. आम्ही व्हिसावर होतो तोवर आम्हाला बंदूक बाळगायची मनाई होती, शिकारीचं लायसन वगैरे असेल तर सूट, ग्रीन कार्ड आल्यावर ती अडचण गेली. घरात आणलेली नाही हो, पोरगं लहान आहे, आईला सांगा काळजी करू नको. पण नेमबाजीच्या रेंजवर जाऊन शिकून घेतलं, म्हटलं आजूबाजूला आहेच तर निदान कळू दे.

रेंजवरची एक गंमत तुम्हाला आवडेल. मास्तर तुमच्या नकळत मॅगझिनमध्ये खऱ्या गोळ्यांच्या मधे एक डमी गोळी भरून ठेवतो. माझ्या शेजारच्या लेनमध्ये चांगला सहा फुटी गडी होता, धाड धाड उडवत होता, आणि डमीची पाळी आली तसा नुसता टक् असा आवाज झाला आणि नळी झपकन चार बोटं खाली गेली. गोळी सुटलीच नाही तरी हात खाली! म्हणजे धक्का बसायच्या आधीच माणूस घाबरून दाबतोय ते सगळ्यांसमोर उघडं पडलं. मग मास्तरनं त्याला पिस्तूल रिकामं करून, तपासून, फोरसाइटवर, म्हणजे नळीच्या टोकाकडच्या नेम धरायच्या माशीवर, एक नाणं ठेवायला लावलं आणि चाप असा ओढ की नाणं पडता कामा नये. बराच वेळ तेच. तुमच्या थ्री नॉट थ्रीच्या गोष्टीत पण हेच असायचं ना, श्वास रोख आणि चाप दाबत रहा, कधी सुटली ते तुलाच कळू नये.

आता पुस्तकं. पहिलं जेफ कूपरचं, प्रिन्सिपल्स ऑफ पर्सनल डिफेन्स, १९७२ चं, अगदी बारकं, एका दुपारीत होईल. हा माणूस मरीन्समध्ये, म्हणजे अमेरिकेच्या फौजेत होता आणि १९७६ मध्ये त्यानं आमच्याच राज्यात पॉल्डनला शिकवणीची शाळा काढली, आज इथं पिस्तूल जसं शिकवतात त्यातलं बरंच त्याच्याकडनं आलंय. इथल्या रेंजांवर जे चार नियम घोकून घेतात ते पण त्याचेच: बंदूक कायम भरलेलीच समजायची, जे उडवायचं नाही त्याच्यावर नळी न्यायची नाही, नेम धरल्याशिवाय बोट चापावर नाही, आणि समोर काय आहे, त्याच्या मागं काय आहे ते पक्कं माहीत पाहिजे. त्या पुस्तकात बंदूक कमीच आहे, सावधपणा, झटकन निर्णय, डोकं थंड ठेवणं असल्या सात गोष्टी आहेत. पहिला सावधपणाचा भाग सोन्यासारखा आहे. पुढं निर्दयपणावर जे लिहिलंय ते मला नाही पटलं, एकदम लढाईवरच्या माणसाची भाषा, तुम्ही वाचा आणि काय वाटतं ते सांगा, तुम्ही लोकांना पकडलंय, मी नाही.

दुसरं खास तुमच्यासाठी. मासाद अयूब म्हणून एक पोलीसवाला, त्याचं इन द ग्रेव्हेस्ट एक्स्ट्रीम, १९८० चं. नेम कसा धरायचा हे शिकायला घेतलंत तर हिरमोड होईल, कारण त्याचा सगळा जोर गोळी झाडायचा हक्क कधी येतो आणि झाडल्यावर काय वाढून ठेवलंय ह्याच्यावर. समोरच्याकडं जीव घेण्याची ताकद आहे का, ती आत्ता वापरायची संधी त्याला आहे का, आणि तो खरंच जिवावर उठलाय असं त्याच्या वागण्यावरनं दिसतंय का, ही तिन्ही एकाच वेळी पाहिजेत, एक जरी नसलं तरी तुम्ही कोर्टात उभे. चोर टीव्ही घेऊन पळतोय म्हणून पाठीत गोळी घालशील तर तुझंच आयुष्य संपलं, असं तो परत परत समजावतो. वाचताना मला तुमचं ते स्वसंरक्षणाच्या हक्काचं, आयपीसी कलम ९६ ते १०६ आठवत होतं, आता नव्या भारतीय न्याय संहितेत (बीएनएस) ते ३४ ते ४४ झालंय. ९९ तर तुम्ही जेवताना पण म्हणून दाखवायचात, गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही आणि पोलिसांकडं जायला वेळ असेल तर स्वतः हात उचलायचा हक्क नाही. इथं ॲरिझोनात आधी मागं हटलंच पाहिजे अशी सक्ती नाही, तरी हा गडी म्हणतो की निघून जाता येतंय तर निघून जा, बंदूक जवळ आहे म्हणून तर जास्तच जा. आणि हे सांगणारा माणूस आयुष्यभर बंदूक शिकवत आलेला आहे! मला ह्या सगळ्यात हेच एक पुस्तक परत परत वाचावंसं वाटलं. कायदा जुना झालाय, राज्याराज्यात वेगळा पण आहे, त्यामुळं कलमांसाठी नको, विचार कसा करायचा त्यासाठी वाचा.

तिसरं शूटिंग टु लिव्ह, १९४२ चं, फेअरबर्न आणि साइक्स ह्या दोघांचं, शांघायच्या म्युनिसिपल पोलिसातले. तिथं त्या फौजेत आपले शीख पण होते. गल्लीबोळात, अंधारात, हाताच्या अंतरावर चकमकी व्हायच्या, नेम धरायला वेळच नाही, म्हणून त्यांनी ट्रेनिंगच बदललं, उभ्या कागदावर आरामात गोळ्या मारणं कमी केलं. तंत्र आता मागं पडलंय पण वाचायला भारी आहे, कुलकर्णी काकांना द्याल तर परत मागून घ्या.

बबडीसाठी वेगळं. तिची एअर रायफल चालू आहे ना, तिला ही वरची तिन्ही देऊ नका, तिचा खेळ आहे, तिच्या दहाच्या रिंगचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथं मारामारी नाही, मन आहे. तिला लॅनी बॅशम ह्या अमेरिकी रायफल नेमबाजाचं विथ विनिंग इन माइंड. १९७२ ला म्युनिकमध्ये टेन्शन घेतलं म्हणून ह्याचं गोल्ड हुकलं, सिल्व्हर मिळालं, मग तो चॅम्पियन लोकांना गाठून विचारत फिरला की तुम्ही त्या वेळी डोक्यात काय चालवता, आणि १९७६ ला माँट्रियलमध्ये गोल्ड काढलं. पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून, आपल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला २०२४ मध्ये ब्राँझ मारलं तोच इव्हेंट. तेव्हा बायका-पुरुष एकत्रच खेळायचे, बॅशम आणि त्याच्याच देशाची मार्गारेट मर्डॉक दोघांचे ११६२ गुण झाले, नियमानं गोल्ड त्याला गेलं, तर राष्ट्रगीताच्या वेळी त्यानं तिला ओढून आपल्याच पायरीवर घेतलं. बबडीला हे नक्की सांगा. अभिनव बिंद्राचं पुस्तक तिकडं मिळतं, ते दादालाच घ्यायला लावा.

शेवटचं गेव्हिन डी बेकरचं गिफ्ट ऑफ फिअर, १९९७ चं, हे वहिनीनं आणि बबडीनं मिळून वाचायचं, ती कॉलेजला पुण्याला जायच्या आत. मनात पाल चुकचुकली तर तिचं ऐक, उगाच वाईट दिसेल म्हणून गप्प बसू नको, हे त्यात उदाहरणं देऊन सांगितलंय. नको म्हटलेलं जो ऐकत नाही, न मागता मदत करून उपकार चढवतो, आपण दोघं एकच म्हणून जवळीक दाखवतो, ती सगळी लक्षणं. काही किस्से अंगावर येणारे आहेत, म्हणून वहिनीनं आधी वाचावं.

टॅक्टिकल म्हणून काळे चष्मे घातलेल्या माणसांचे फोटो असलेली पुस्तकं इथं ढिगानं मिळतात, ती बघितली आणि ठेवून दिली, निम्मी पानं सामानाच्या जाहिरातीच.

आणि चिन्यानं रेंजवरची रिकामी पुंगळी मागितलीय ती मी पाठवणार नाही, त्याला तुम्हीच समजावा. एअरपोर्टवर बॅगेतनं निघाली तर त्या बिचाऱ्या माणसाच्या मागं नसती चौकशी लागायची. त्याच्यासाठी चॉकलेटं आहेत.

आईला नमस्कार, गुडघ्याचं तेल संपलं का ते कळवा. पुस्तकं मिळाली की फोन करा, भारतातल्या सकाळी आठला आम्ही जेवून बसलेलो असतो.

तुमची,
सुमी