ओल ओळखायला शिकवणाऱ्या माझ्या बाईंना : एक जाहीर आभारपत्र

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

चर्मपत्रावर सोन्याचा वर्ख चढवण्याची जुनी पद्धत आपण मला शिकवलीत, त्याबद्दल आपले आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे की, या कामाच्या कृती आणि प्रमाणे पुस्तकांतून मिळतात; पण वर्खाखालचा लेप वर्ख घ्यायला तयार झाला आहे की नाही हे कशावरून ओळखायचे, ते शेजारी बसून दाखवणारे कोणी असल्याशिवाय कळत नाही. आपण ते दाखवलेत, आणि तेही काहीही राखून न ठेवता.

वर्खाच्या आधी आपण कातड्याची ओळख करून दिलीत. वासराचे, शेळीचे किंवा मेंढीचे कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून, केस काढून, चौकटीवर ताणून वाळवतात आणि ताणलेले असतानाच वाकड्या पात्याच्या सुरीने खरवडतात. ते कमावलेले नसते, त्यामुळे दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. ज्या पृष्ठावर लेप बसायचा तेच जर असे सतत हलणार असेल, तर लेपालाही थोडे लवचीक राहावे लागेल, ही एक गोष्ट लक्षात आल्यावर पुढच्या सगळ्या कृतीचा अर्थ मला आपोआप लागत गेला. प्यूमिस दगडाची पूड चोळून कातड्यावरचा तेलकटपणा काढणे आणि ती पूड नंतर झटकून टाकणे हे काम मला एरवी किरकोळ वाटले असते. आपण ते प्रत्येक वेळी स्वतः तपासलेत.

उठावाच्या, म्हणजे पृष्ठापासून उंचावलेल्या, सोन्याखाली जो जेसो नावाचा लेप असतो, त्यातल्या प्रत्येक घटकाचे काम आपण वेगवेगळे समजावलेत. प्लास्टर ऑफ पॅरिस भरपूर पाण्यात दीर्घकाळ ढवळत ठेवून त्याची घट्ट होण्याची शक्ती संपवली की उरतो तो मऊ चुरा लेपाला अंग देतो. शिशाचा सफेदा त्याला गुळगुळीतपणा देतो. सरस सगळ्याला बांधून ठेवतो. साखर किंवा मध हवेतली ओल धरून ठेवतो. आणि चिमूटभर आर्मेनियन बोल ही तांबडी माती पांढरट कातड्यावर लेप कुठवर पसरला आहे ते डोळ्यांना दाखवते. सुमारे 1400 च्या काळातल्या चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने नोंदवलेल्या कृतीतही जेसो (इथे म्हणजे तो मऊ चुराच), त्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नाही इतका सफेदा आणि त्याहून कमी साखर असे प्रमाण आहे; बांधण्यासाठी मात्र तो फेटलेल्या अंड्याचा पांढरा भाग वापरतो. हे प्रमाण पाठ करण्याचा आग्रह आपण कधी धरला नाहीत. साखर वाढली तर लेप कायम चिकट राहून घोटता येत नाही आणि कमी पडली तर तो ठिसूळ होऊन वर्ख धरत नाही, म्हणून हवेकडे पाहून साखर ठरवावी, हे आपले सांगणे मला आजही कोणत्याही आकड्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

आणि मग ओल. खरे तर या पत्राचा विषय तोच आहे. पिसाच्या लेखणीने थेंब थेंब सोडून उभारलेला लेप पूर्ण वाळल्यावर, त्यावर बारीक नळीतून घशातला उबदार श्वास सोडायचा. त्या दमट श्वासाने लेपातली साखर आणि सरस क्षणभर जागे होतात, आणि तेवढ्या अवधीत वर्ख टेकवून रेशमी कापडावरून दाबायचा. हा वर्ख मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो, बोटाच्या घामालाही चिकटतो, आणि एकदा टेकला की हलवता येत नाही. श्वास किती वेळा सोडायचा, असे मी विचारले की आपण संख्या सांगत नसत. अकिकाची घोटणी, म्हणजे सोने घासून चकाकवण्याचे गुळगुळीत दगडाचे हत्यार, लेपाच्या कडेला हलकेच फिरवून तिचा आवाज ऐकायला सांगत असत. घोटणी सरकताना अडखळली तर ओल जास्त आहे, थांबावे. कोरडी खरखर आली तर आणखी श्वास हवा. आणि ती विनासायास घसरू लागली की दाब वाढवत न्यावा. वर्खाचा दुसरा थर पहिल्यावर का बसतो हेही आपण सांगितलेत: स्वच्छ सोने सोन्याला धरते, तिथे डिंकाची गरज उरत नाही. हाताला आणि कानाला एकाच वेळी शिकवणारा असा धडा मला दुसऱ्या कोणाकडून मिळाला नाही.

रंगाच्या आधी सोने का, हा प्रश्नही मी आपल्याला विचारला होता. बाराव्या शतकातल्या विंचेस्टर बायबल या इंग्लंडमधल्या सचित्र हस्तलिखितातली अपुरी राहिलेली आद्याक्षरे आपण मला त्यासाठी पाहायला लावलीत. त्यांतली काही केवळ रेखाटलेली आहेत, तर काहींवर सोने चढलेले आहे पण रंग भरलेला नाही, आणि त्यावरून कामाचा क्रम थेट त्या कारागिरांच्याच हातून कळतो. रंग आधी भरला तर त्यातल्या डिंकाला वर्खाचे कण चिकटतात आणि घोटताना रंग खरवडला जातो, ही कारणे आपण नंतर सांगितलीत. आधी मला पाहू दिलेत, हे मला फार मोलाचे वाटते.

ही विद्या मध्यंतरी जवळजवळ लोपली होती. एडवर्ड जॉन्स्टन यांनी 1899 मध्ये लंडनला अक्षरलेखनाचा वर्ग सुरू केला आणि त्यांचे विद्यार्थी ग्रेली ह्यूइट यांनी उठावाचे सोनेकाम स्वतः प्रयोग करून पुन्हा उभे केले. त्यांना शेजारी बसून शिकवणारे कोणी नव्हते. मला आपण होतात, आणि त्यामुळे माझी किती वर्षे वाचली असतील याची मला पूर्ण जाणीव आहे.

सफेदा विषारी आहे, तो कोरडा कुटू नये, मुखपट्टीशिवाय त्याला हात लावू नये, आणि शक्य तिथे त्याऐवजी टायटॅनियमचा पांढरा रंग घ्यावा, ही आपली सूचना मी काटेकोरपणे पाळते आणि माझ्यासोबत काम करणाऱ्या प्रत्येकाला सर्वांत आधी तीच सांगते. आपण दिलेल्या वेळाबद्दल, वापरायला दिलेल्या घोटणीबद्दल आणि माझा तोच तो प्रश्न दर वेळी नव्याने ऐकून घेतल्याबद्दल मी आपली मनःपूर्वक ऋणी आहे.

आपली विद्यार्थिनी