बोअरच्या खाऱ्या पाण्यातील नायट्रेट : एक जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

आमच्या गावातील बोअरच्या पाण्यातील नायट्रेट मोजण्याच्या कामी आपण केलेल्या मदतीबद्दल मनःपूर्वक आभार. मराठवाड्यात असे मचूळ, जड पाणी पिणारी गावे पुष्कळ आहेत, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

नायट्रेट २२० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषतो, हे पुस्तकात वाचले होते; विरघळलेले क्षार त्या शोषणाच्या आकड्यात, म्हणजे यंत्रावरील वाचनात, कुठे ढवळाढवळ करतात, हे मात्र आपण आमचाच नमुना प्रकाशाचे शोषण मोजणाऱ्या यंत्रात ठेवून दाखवलेत. पाणी खारट लागते एवढ्यावरून वाचनावर शंका घेऊ नये, कारण क्लोराइड आणि सल्फेट यांचे शोषण २२० पर्यंत जवळजवळ पोहोचतच नाही. लक्ष ठेवायचे ते ब्रोमाइडवर आणि बायकार्बोनेट-कार्बोनेटवर. समुद्राच्या पाण्यात तर ब्रोमाइडचा वाटा वेगळा काढल्याशिवाय नायट्रेटचा आकडा धरताच येत नाही. आपल्याकडच्या काळ्या खडकातील पाण्यात बायकार्बोनेट भरपूर, म्हणून ते वायू होऊन निघून जावे यासाठी ५० मिलीलिटर नमुन्यात १ मिलीलिटर १ नॉर्मल तीव्रतेचे हायड्रोक्लोरिक आम्ल घालायला आपण सांगितलेत आणि क्युव्हेटच्या (नमुना ठेवायच्या पारदर्शक नळीच्या) आतल्या बाजूला चिकटलेले बारीक बुडबुडे निघून जाईपर्यंत वाचन घेऊ दिले नाहीत. सेंद्रिय द्रव्यासाठी २७५ नॅनोमीटरच्या वाचनाची दुप्पट वजा करणे, हेही त्याच ओघात झाले.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते पुढचे. नायट्रेटच्या शोषणाचे शिखर २०० नॅनोमीटरच्या आसपास असते आणि २२० हा त्याचा तीव्र उतार. त्यामुळे क्षारांनी शिखर किंचित जरी सरकवले, तरी उतारावरचे वाचन बदलते. ते तपासण्यासाठी आपण त्याच पाण्यात नायट्रेटची ज्ञात मात्रा थोडी थोडी वाढवायला लावलीत आणि आलेली रेषा शुद्ध पाण्यातील रेषेशी ताडून पाहिलीत. ब्रोमाइडची स्वतंत्र भर मात्र या रीतीने निघत नाही, त्यासाठी निरनिराळ्या तरंगलांबींवरच्या शोषणाचा पूर्ण वक्रच पाहावा लागतो, हेही आपण बजावलेत.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. वरच्या दुधासाठी हेच पाणी वापरणाऱ्या घरांतील तान्ह्या बाळांना त्याचा धोका सर्वाधिक असतो, त्यामुळे मर्यादेच्या काठावरच्या नमुन्यात क्षारांमुळे पडणारा थोडा फरकही आम्हाला दुर्लक्षून चालणारा नव्हता. आपण सुटीच्या दिवशी प्रयोगशाळेत थांबून हे सारे समजावलेत, याबद्दल गावातील सर्व पालकांच्या वतीने आपला ऋणी आहे.

आपला कृतज्ञ,
एक विज्ञान शिक्षक, बीड जिल्हा