एक डिझेल इंजिन कोल्हापुरात राहू द्या

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुणे–मिरज–कोल्हापूर लोहमार्गाचे विद्युतीकरण झाल्यापासून आपल्या श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर डिझेल इंजिन दिसण्याचे प्रसंग विरळ होत चालले आहेत. विजेच्या गाड्यांचे मी मनापासून स्वागत करतो. धूर गेला, इंधनाचा खर्च वाचला, आणि पुण्यात इंजिन बदलण्यात जाणारा वेळही वाचला. मात्र ज्या अल्को या अमेरिकन कंपनीच्या बनावटीच्या इंजिनांनी १९७१ च्या सुमारास मार्ग ब्रॉडगेज झाल्यानंतर आपल्या गाड्या वर्षानुवर्षे ओढल्या, ती आता एकेक करून भंगारात जात आहेत. त्यांतले एक तरी कोल्हापुरात जपले जावे, आणि त्याची मोजमापे, रंगसंगती व आवाज यांची नोंद ते चालते आहे तोवरच व्हावी, अशी मागणी करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. या मागणीचा आधार मला ब्रिटनमधील डिझेल रेल्वेच्या इतिहासात सापडला, आणि तो इतिहास मला कळला तो त्या इंजिनांच्या छोट्या प्रतिकृती घडवण्याच्या छंदातून.

मी उद्यमनगरात पॅटर्नमेकर म्हणून आयुष्य काढले. फौंड्रीत ओतायच्या प्रत्येक वस्तूचा लाकडी नमुना आधी आमच्या हातून जातो, त्यामुळे मोठ्या यंत्राचे रूप लहान तुकड्यांत ओळखण्याची सवय जडते. कोल्हापूर हे ऑइल इंजिनांचे गाव; ज्या गल्ल्यांत दिवसभर कुठे ना कुठे एखादे इंजिन चाचणीसाठी धडधडत असे, तेथे वाढलेल्या माणसाला रेल्वेच्या डिझेल इंजिनाचे आकर्षण वाटले नाही तरच नवल. मुंबईला जाताना पुण्यात डिझेल इंजिन सुटे होई आणि विजेचे जोडले जाई. ती विजेची इंजिने बहुतेक वेळा इंग्लिश इलेक्ट्रिक या ब्रिटिश कंपनीची असत. त्याच कंपनीने स्वतःच्या देशात कोणती डिझेल इंजिने बांधली याचा शोध मी जुन्या अभियांत्रिकी मासिकांतून घेऊ लागलो आणि ‘डेल्टिक’पाशी येऊन थांबलो.

डेल्टिकविषयी थोडे विस्ताराने लिहिण्याची परवानगी द्यावी, कारण आपल्या गावातील इंजिनवाल्यांना ते वाचून आनंद होईल. नेपियर कंपनीचे हे इंजिन मुळात नौदलाच्या वेगवान बोटींसाठी तयार झाले. त्यात सिलिंडर त्रिकोणाच्या तीन बाजूंवर मांडलेले असतात आणि तिन्ही कोपऱ्यांत एकेक क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या धावेने फिरणारा दांडा, असतो. प्रत्येक सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन पिस्टन धावतात. म्हणजे १८ सिलिंडर आणि ३६ पिस्टन. सिलिंडर हेड नाही, व्हॉल्व्ह नाहीत. टू-स्ट्रोक पद्धतीने हवा आणि धूर सिलिंडरच्या भिंतीतील छिद्रांतूनच ये-जा करतात. या रचनेत पिस्टनांची वेळ काही केल्या जुळेना, तेव्हा तीनपैकी एक क्रँकशाफ्ट उलट दिशेने फिरवावा, ही युक्ती ब्रिटिश नौदलाच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेतील हर्बर्ट पेनवॉर्डन या ड्राफ्ट्समनने सुचवली. एवढ्या गुंतागुंतीच्या यंत्राचा पेच ड्रॉइंग बोर्डावर काम करणाऱ्या एका माणसाने सोडवावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

अशी दोन इंजिने एका चौकटीत बसवून इंग्लिश इलेक्ट्रिकने १९५५ मध्ये ३,३०० अश्वशक्तीचे फिकट निळ्या रंगाचे रेल्वेचे नमुना-इंजिन तयार केले, आणि त्यावरून १९६१–६२ मध्ये २२ इंजिने ब्रिटिश रेल्वेच्या ताफ्यात आली. त्याच कंपनीच्या आधीच्या, पुढे ‘क्लास ४०’ म्हणून ओळखल्या गेलेल्या इंजिनाचे वजन १३३ टन आणि ताकद २,००० अश्वशक्ती होती. डेल्टिकचे वजन फक्त ९९ टन. या २२ इंजिनांनी वाफेच्या ५५ इंजिनांचे काम उचलले आणि १९६२ मध्ये लंडन ते एडिंबरा हे ३९३ मैलांचे अंतर ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ गाडी सहा तासांत कापू लागली.

ही इंजिने ज्या व्हल्कन फौंड्रीत जोडली गेली, तिचे आपल्याशी जुने नाते आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली देशातील पहिली प्रवासी गाडी ज्या इंजिनांनी ओढली, ती याच व्हल्कन फौंड्रीत, लँकेशायरमधील न्यूटन-ले-विलोज येथे तयार झाली होती. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ एकाच छपराखाली ओतकाम करणाऱ्या कारागिरांच्या पिढ्या डोळ्यांसमोर आणल्या की मला आपल्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्याच आठवतात. म्हणून इंग्रजांच्या इंजिनांचे एवढे कौतुक कशाला, असे जे मित्र विचारतात, त्यांना माझे उत्तर असे की मी राज्यकर्त्यांचे कौतुक करीत नाही. मी पॅटर्नमेकर, मोल्डर, फिटर आणि ड्राफ्ट्समन यांच्या कामाची कदर करतो, आणि ती माणसे कुठल्याही देशात आमच्याच बिरादरीची असतात.

आता मुख्य मुद्दा. ब्रिटनमध्येही डिझेल इंजिनांवर सुरुवातीला कोणाचे प्रेम नव्हते. १९५५ च्या आधुनिकीकरण योजनेनंतर घाईघाईने अनेक कारखान्यांकडून अनेक जातींची इंजिने मागवली गेली. काही उत्तम निघाली, काहींनी रेल्वेला जेरीस आणले. ग्लासगोची नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी, जिने पन्नासच्या दशकात भारताच्या मीटरगेजसाठीही डिझेल-हायड्रॉलिक, म्हणजे ताकद तेलामार्फत चाकांपर्यंत पोहोचवणारी, इंजिने बांधली होती, ती १९६२ मध्ये बुडाली, आणि तिने ब्रिटिश रेल्वेसाठी केलेली कित्येक इंजिने दहा-बारा वर्षांच्या आतच मोडीत निघाली. वाफेच्या इंजिनांची ताटातूट करणारी म्हणून रेल्वेप्रेमी डिझेलकडे रागाने पाहत. ११ ऑगस्ट १९६८ रोजी मुख्य मार्गांवरची वाफेची शेवटची गाडी धावली, तेव्हा लोक रुळांच्या कडेला गर्दी करून उभे होते. मात्र त्याच काळात तोडल्या जाणाऱ्या डिझेल इंजिनांसाठी कोणी हळहळले नाही.

पुढे जे घडले ते शिकण्यासारखे आहे. फलाटाच्या टोकाला वही घेऊन इंजिनांचे क्रमांक टिपणारी जी मुले साठ-सत्तरच्या दशकात वाढली, त्यांच्या बालपणाचा आवाज वाफेचा नव्हता, डिझेलचा होता. पश्चिम विभागातील ‘वेस्टर्न’ वर्गाची ७४ डिझेल-हायड्रॉलिक इंजिने १९७७ पर्यंत सेवेतून गेली, त्यांतील सात इंजिने याच पिढीने वाचवली. डेल्टिकांची शेवटची फेरी २ जानेवारी १९८२ रोजी लंडन–एडिंबरा–लंडन अशी झाली. ती इंजिने जपण्यासाठी स्थापन झालेल्या हौशी मंडळींच्या संस्थेने वर्गण्या काढून दोन इंजिने विकत घेतली आणि पुढे तिसरेही घेतले. आज २२ पैकी सहा डेल्टिक अस्तित्वात आहेत, शिवाय ते निळे नमुना-इंजिनही आहे. हे काम कोणा एका धनिकाचे किंवा सरकारचे नव्हे. शनिवार-रविवारी हात काळे करणारे शिक्षक, कारकून आणि कारखान्यातील कामगार यांनी ते केले. सेव्हर्न व्हॅलीसारख्या जतन केलेल्या मार्गांवर आज केवळ डिझेल इंजिनांचे उत्सव भरतात आणि लोक तिकीट काढून त्या गाड्यांत बसतात.

जी वाचली नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न मला अधिक अस्वस्थ करतो. नॉर्थ ब्रिटिश कंपनीची पुढे ‘क्लास २२’ म्हणून ओळखली गेलेली ५८ इंजिने होती. त्यांतले एकही उरले नाही. आज कोणाला ते इंजिन कसे दिसे हे सर्व बाजूंनी पाहायचे असेल, तर जुनी छायाचित्रे, कारखान्याची ड्रॉइंग आणि त्यांवरून घडवलेल्या प्रतिकृती एवढाच आधार आहे. प्रतिकृती बनवणे हा मुलांचा खेळ आहे असे समजणाऱ्यांनी या एका उदाहरणाचा विचार करावा.

या कामात किती बारकावा लागतो हे अनुभवाशिवाय कळत नाही. ब्रिटनमध्ये रूढ असलेल्या ‘डबल ओ’ मापात एका फुटाला ४ मिलिमीटर धरतात. या हिशेबाने ६९ फूट ६ इंच लांबीचे डेल्टिक २७८ मिलिमीटरचे होते. गंमत अशी की तेथील प्रमाणित रूळ त्या मापाने १८.८३ मिलिमीटर रुंद हवेत, पण बाजारात मिळतात ते १६.५ मिलिमीटरचे, कारण ब्रिटिश इंजिने अंगाने अरुंद, आणि त्या काळच्या विजेच्या मोटर आत बसवण्यासाठी वरचा साचा मोठा करावा लागला, रूळ मात्र लहान मापाचेच राहिले. ही तफावत ज्यांना सहन होत नाही, ते स्वतः रूळ घालतात. आपले ब्रॉडगेज साडेपाच फुटांचे; चौपट केले की बरोबर २२ मिलिमीटर येतात, एक कणही कमी-जास्त नाही. त्या मापाचे तयार रूळ मला मिळाले नाहीत, म्हणून माझ्या अल्कोच्या प्रतिकृतीखालचे रूळ मी घरीच बसवले आहेत.

शिवाय प्रत्येक प्रतिकृतीला एक वर्ष ठरवावे लागते. डेल्टिक १९६२ चे करायचे तर हिरव्या रंगात आणि ‘डी’ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे, १९७५ चे करायचे तर निळ्या रंगात, तोंडाला पूर्ण पिवळ्या पट्ट्याचे, बाजूला १९६५ पासून आलेल्या दुहेरी बाणाच्या चिन्हाचे आणि ५५ ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे. छपरावर धुराड्याभोवतीची काजळी, चाकांच्या चौकटीवरची ब्रेकची लालसर धूळ, इंधनाच्या टाकीवरून ओघळलेले तेल, हे सारे छायाचित्र समोर ठेवून रंगवावे लागते. हल्ली प्रतिकृतीच्या पोटात बारीक स्पीकर बसवतात, आणि त्यातून येणारा आवाज खऱ्या इंजिनावरून ध्वनिमुद्रित केलेला असतो. जतन केलेली इंजिने चालू स्थितीत आहेत, म्हणूनच तिकडच्या छोट्या डेल्टिकला तिचा स्वतःचा आवाज मिळाला.

आपल्याकडील परिस्थिती याच्याशी ताडून पाहावी. अल्कोच्या परवान्याने वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून तयार झालेले ‘डब्ल्यूडीएम-२’ हे १६ सिलिंडरचे, २,६०० अश्वशक्तीचे इंजिन देशभर अडीच हजारांहून अधिक संख्येने धावले. इतकी विपुल वस्तू कधी संपेल असे कोणालाच वाटत नाही, आणि म्हणूनच ती नकळत संपते. महालक्ष्मी आणि कोयना एक्सप्रेसपुढे उभे असलेले हे इंजिन, गाडी सुटताना टर्बो जोर धरेपर्यंत निघणारा काळा लोट, रुकडीजवळ पंचगंगेचा पूल ओलांडताना बदलणारा त्याचा स्वर, हे माझ्या वयाच्या हजारो कोल्हापूरकरांना ठाऊक आहे. पण त्याची पद्धतशीर नोंद कोणाजवळ आहे? शेडच्या बाजूला उभ्या असलेल्या एखाद्या इंजिनाच्या जाळ्या, पायऱ्या, दारे यांची मापे घेण्याची परवानगी मागायला गेलेल्या हौशी माणसाला बहुधा संशयाने परत पाठवले जाते. सुरक्षिततेची काळजी मी समजू शकतो, तरी यातून काही मार्ग निघायला हवा.

माझी सूचना अशी आहे. करवीर संस्थानाने स्वतःच्या खर्चाने बांधलेला मिरज–कोल्हापूर मार्ग १८९१ मध्ये सुरू झाला; रेल्वेच्या इतिहासात या शहराचा वाटा मोठा आहे आणि इंजिन निर्मितीच्या इतिहासात त्याहूनही मोठा. मध्य रेल्वेने सेवेतून निघणारे एक अल्को इंजिन कोल्हापूरला द्यावे. अनेक स्थानकांबाहेर वाफेची इंजिने चौथऱ्यावर उघड्यावर गंजत उभी असतात, तसे मात्र ते ठेवू नये. आपल्या पावसाळ्यात पत्रा किती टिकतो हे सांगायला नको. त्याला छप्पर हवे, आणि निदान वर्षातून काही वेळा ते सुरू करता येईल अशा स्थितीत ठेवायला हवे. देखभालीचे कौशल्य बाहेरून आणावे लागणार नाही. डिझेल इंजिन उघडून पुन्हा जोडणारे हात या शहराच्या गल्लीगल्लीत आहेत. आयटीआय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना त्याची मापे घेण्याचे, ड्रॉइंग काढण्याचे आणि त्यावरून प्रतिकृती करण्याचे प्रकल्प देता येतील. ज्याने एकदा इंजिनाच्या छपराची जाळी मिलिमीटरच्या अंशात मोजून कापली, तो विद्यार्थी ड्रॉइंग वाचायला कायमचा शिकतो, असा माझा शिकाऊ मुलांबरोबरचा अनुभव आहे.

पुण्यात कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून उभे आहे आणि मुलांना घेऊन जाणारे पालक ते आवर्जून पाहतात. तसे काही कोल्हापुरात खऱ्या इंजिनाच्या शेजारी उभे राहिले, तर लहान आणि मोठे दोन्ही एकाच ठिकाणी ताडून पाहता येईल. खर्चाचा प्रश्न उरतो, तो लोकवर्गणीतून आणि उद्योजकांच्या मदतीतून सुटावा असे मला वाटते. लोकप्रतिनिधींनी आणि उद्योजकांच्या संघटनांनी रेल्वे प्रशासनाकडे हा विषय लवकर न्यावा, कारण भंगाराचा लिलाव झाल्यावर गॅस कटर चालायला फारसा वेळ लागत नाही.

या कामासाठी मी माझ्याकडील अल्कोची ड्रॉइंग, चाकांच्या चौकटींचे लाकडी पॅटर्न आणि डेल्टिकच्या प्रतिकृती विनामूल्य देण्यास तयार आहे, आणि विद्यार्थ्यांना मापे घेण्याचे काम शिकवण्यासाठी दर रविवारी वेळ देईन.

आपला नम्र,
एक निवृत्त पॅटर्नमेकर,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर